टी. ए. मधुरम : जोडीतील दुसरे नाव

तमिळ बोलपटाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत हास्यरसाची चर्चा निघाली, की एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मधुरम ही दोन नावे एका दमात उच्चारली जातात. मधुरम यांचे नाव नेहमी दुसरे येते. कृष्णन यांना तमिळ समाजाने कलैवाणर ही पदवी दिली, त्यांचे पुतळे उभारले, त्यांच्या नावाचे सभागृह बांधले. त्यांच्या विनोदातील सामाजिक आशयावर विपुल लेखन झाले. त्या लेखनात मधुरम पत्नी व सहकलावंत म्हणून डोकावतात आणि पुढे दिसेनाशा होतात. या मांडणीत एक अन्याय आहे. कृष्णन यांचा विनोद दोघांच्या संवादातून फुलत असे आणि त्या संवादातील अर्धा वाटा मधुरम यांचा होता. कृष्णन तुरुंगात असताना जवळजवळ अडीच वर्षे त्यांचे नाव, त्यांची मंडळी आणि त्यांचा प्रेक्षक हे सारे मधुरम यांनी एकटीने सांभाळले, हे तर त्याहूनही महत्त्वाचे.

मधुरम ज्या परंपरेत आल्या तिची पार्श्वभूमी समजण्यासाठी कावेरीच्या खोऱ्यात, विशेषतः कुंभकोणमकडे पाहावे लागते. तंजावरच्या मराठी राज्यात हे नगर मोडत होते. भोसले राजांच्या दरबारी नाटकाला राजाश्रय होता. शाहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी मराठीतही नाटके रचली आणि मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ त्यांच्यापासून धरणारे अभ्यासक आहेत. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले, पण नाटकाची आवड उरली. तंजावरच्या मराठी समाजातील गोविंदस्वामी राव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनमोहन नाटक कंपनी काढली. सांगलीकडून आलेल्या मराठी मंडळींचे खेळ पाहून त्यांना ही स्फूर्ती झाली, असे तमिळ रंगभूमीच्या इतिहासात सांगितले जाते. तमिळ रंगभूमीचे एक जनक पम्मल संबंद मुदलियार यांनी १८९१ मध्ये मद्रासला सुगुण विलास सभा स्थापन केली, तिच्यामागे गोविंदस्वामी रावांच्या प्रयोगांचा संस्कार होता.

कुंभकोणमचे वेगळेपण मात्र बालामणी अम्माळ यांच्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावात त्यांनी केवळ स्त्रियांची नाटक कंपनी चालविली. पुरुषांच्या भूमिकाही त्या कंपनीत स्त्रियाच करीत. शेजारच्या गावांतील प्रेक्षकांना कुंभकोणमला आणण्यासाठी खास आगगाड्या सोडल्या जात आणि त्या गाड्यांना लोक बालामणींच्याच नावाने ओळखत. पुढे याच बालामणींचे अखेरचे दिवस दारिद्र्यात गेले. स्त्री कंपनीची मालकीण होऊ शकते, आणि टाळ्या थांबल्या की तिला कोणी विचारीत नाही, हे दोन्ही धडे कावेरीकाठच्या रंगभूमीने बोलपट येण्यापूर्वीच पाहिले होते.

कुंभकोणमपासून सुमारे ९० किलोमीटरवर, कावेरीच्या वरच्या अंगाला तिरुचिरापल्ली आहे. मधुरम यांचा जन्म तेथला. त्यांच्या नावाआधीचे पहिले अक्षर या गावाचे आणि दुसरे अलमेलू या नावाचे. त्या वयात आल्या तेव्हा तमिळ रंगभूमीवर विनोद हा पुरुषांचा प्रांत होता. नाटकात बफून नावाचे पात्र असे. ते रंगमंचावर येऊन अघळपघळ बोले, नाचणाऱ्या स्त्रीची टर उडवी आणि प्रेक्षकांना हसवी. आपल्या तमाशात गवळणींची वाट अडविणारा पेंद्या आणि मावशीचे सोंग घेणारा पुरुष आठवला, म्हणजे या परिस्थितीची कल्पना येईल. स्त्री ही विनोदाचा विषय होती आणि स्त्रीचा विनोदही पुरुषच लुगडे नेसून करीत असे. स्त्रीने स्वतःच्या तोंडाने प्रेक्षकांना हसवावे, तेही बीभत्सपणाचा आश्रय न घेता, याची वहिवाट नव्हती.

बोलपटाने ही संधी दिली. १९३५ मध्ये ‘रत्नावली’ या चित्रपटातून मधुरम यांनी पडद्यावर प्रवेश केला. पुढच्याच वर्षी त्यांना ‘वसंतसेना’ मिळाला. शूद्रकाच्या मृच्छकटिकाची ही कथा देवलांच्या नाटकामुळे मराठी रसिकाला घरची आहे. चित्रपटाचे दिग्दर्शक राजा सँडो मुंबईच्या मूकपटांत नट म्हणून गाजलेले होते. मद्रासमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ १९३४ पर्यंत उभा राहिला नव्हता आणि त्यानंतरही सोयी तोकड्याच होत्या. त्यामुळे तमिळ चित्रपटांचे ताफे आगगाडीने मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा कलकत्ता येथे जात, काही महिने राहत आणि चित्रपट पुरा करून परतत. ‘वसंतसेना’चा ताफा पुण्यास आला आणि या प्रवासात व मुक्कामात मधुरम यांची एन. एस. कृष्णन यांच्याशी गाठ पडली.

कृष्णन हे दक्षिण टोकाच्या नागरकोविलजवळचे. त्यांचा जन्म १९०८ चा. धनुष्याच्या आकाराचे वाद्य वाजवीत कथा सांगण्याच्या विल्लुपाट्टु या लोककलेत ते तयार झाले, टी. के. एस. बंधूंच्या नाटक कंपनीत त्यांनी उमेदवारी केली आणि मुंबईत चित्रित झालेल्या १९३५ च्या ‘मेनका’मध्ये ते पडद्यावर आले. पुण्याच्या मुक्कामात दोघांचे सूर जुळले व १९३६ मध्येच त्यांचा विवाह झाला. कृष्णन यांचे पूर्वी एक लग्न झालेले होते. त्यामुळे मधुरम यांच्या संसाराची घडी पहिल्यापासून सरळ नव्हती. त्यांना झालेली एकुलती मुलगी तान्हेपणीच गेली. पुढे त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन आपल्या धाकट्या बहिणीचे कृष्णन यांच्याशी लग्न लावून दिले. आजच्या दृष्टीला हा निर्णय खटकेल. त्यामागे निपुत्रिक स्त्रीवरील त्या काळच्या समाजाचे दडपण होते, आणि घर विस्कटू नये ही मधुरम यांची धडपडही होती.

विवाहानंतर दोघांची जोडी तमिळ चित्रपटात स्थिर झाली. शंभराहून अधिक चित्रपटांत ती दिसली. तिची कार्यपद्धती ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी पौराणिक किंवा ऐतिहासिक कथेच्या जोडीला विनोदाचा एक स्वतंत्र पदर ठेवण्याचा प्रघात होता. कृष्णन हा पदर स्वतःच रचीत. प्रसंग, संवाद व गाणी त्यांच्या मंडळीत तयार होत आणि मूळ दिग्दर्शक त्यात फारसा हात घालीत नसे. पुष्कळदा हा भाग वेगळा चित्रित होऊन नंतर चित्रपटात जोडला जाई. १९३७ च्या ‘अंबिकापती’चे दिग्दर्शक एलिस डंगन हे अमेरिकन होते व त्यांना तमिळ येत नव्हते. अशा वेळी विनोदाची भिस्त सर्वस्वी कलावंतांवरच असे.

या पदरातील नाते बहुधा नवराबायकोचे किंवा प्रेमिकांचे असे. कृष्णन यांचे पात्र फुशारकी मारी, आळस करी, एखाद्या खुळचट समजुतीला चिकटून बसे. मधुरम यांचे पात्र त्याला उलटा प्रश्न विचारी. कधी भूमिका पालटत आणि शहाणपण त्याच्या पदरी पडे. हशा दोघांच्या मधोमध पिकत असे. मधुरम यांचे वैशिष्ट्य त्यांच्या ऐकण्यात होते. समोरचा बोलत असताना त्या चेहरा वेडावाकडा करीत नसत. शांतपणे ऐकून घेत आणि नेमक्या क्षणी थोडक्यात उत्तर देत. त्या उत्तरात घर चालविणाऱ्या बाईचा व्यवहार असे. गाणीही दोघे स्वतःच म्हणत. त्यांच्या गळ्यात शास्त्रोक्त तयारीचा डौल नव्हता. बोलण्यातून सहज गाण्यात शिरण्याची हातोटी होती, आणि विनोदी गाण्याला तीच पुरेशी ठरते. बफूनच्या परंपरेत स्त्री हशाचे लक्ष्य होती. मधुरम यांनी तिला हशाची भागीदार केले.

‘अंबिकापती’, ‘उत्तम पुत्रन’ (१९४०), ‘अशोककुमार’ (१९४१), ‘कण्णगी’ (१९४२), ‘मंगम्मा शपथम्’ (१९४३) अशा गाजलेल्या चित्रपटांतून ही जोडी घरोघर पोहोचली. १६ ऑक्टोबर १९४४ रोजी, दिवाळीच्या दिवशी, ‘हरिदास’ प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी होते, गीते पापनाशम् शिवन यांची होती आणि नायक होते त्या काळचे सर्वांत लोकप्रिय गायकनट एम. के. त्यागराज भागवतर. आईबापांना घराबाहेर काढणारा उन्मत्त पुत्र अखेर त्यांच्या सेवेत देव पाहतो, ही कथा मराठी वाचकाला पुंडलिकाची आठवण करून देईल. युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांच्या आत ठेवण्याचे सरकारी बंधन होते. तरीही कृष्णन व मधुरम यांच्या विनोदासाठी या चित्रपटात जागा ठेवली गेली. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात ‘हरिदास’ने तीन दिवाळ्या पाहिल्या.

याच वैभवाच्या क्षणी घाला पडला. नटनट्यांच्या खाजगी आयुष्याविषयी बदनामीकारक मजकूर छापणारे पत्रकार लक्ष्मीकांतन यांच्यावर ८ नोव्हेंबर १९४४ रोजी मद्रासमध्ये हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. डिसेंबरच्या अखेरीस भागवतर व कृष्णन यांना कटाच्या आरोपावरून अटक झाली. मे १९४५ मध्ये दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. आता लंडनची प्रिव्ही कौन्सिल एवढीच आशा उरली. इकडे ब्रॉडवेच्या पडद्यावर ‘हरिदास’ चालूच होता. प्रेक्षक रोज कृष्णन आणि मधुरम यांच्या संवादाला हसत होते. त्यांतील एकजण तुरुंगात होता आणि दुसरी वकिलांचे उंबरठे झिजवीत होती.

मधुरम यांच्यापुढे तीन संकटे एकाच वेळी उभी राहिली. खटल्याचा खर्च चढत होता. कृष्णन यांनी पोसलेली कलावंतांची मंडळी उघडी पडली होती. आणि जोडीचा अर्धा भाग गेल्यावर उरलेल्या अर्ध्याला कोण बोलावणार, हा प्रश्न होताच. निर्मात्यांच्या दारी वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी रंगभूमीची वाट धरली. एस. व्ही. सहस्रनामम या जाणत्या नटाच्या साहाय्याने त्यांनी एन. एस. के. नाटक सभा चालविली. कुंभकोणमचे के. आर. रामस्वामी हेही या मंडळीत होते. रामस्वामींनी पुढे वेगळे होऊन कृष्णन यांच्याच नावाची आपली नाटक सभा तंजावरला काढली आणि सी. एन. अण्णादुरै यांची नाटके रंगभूमीवर आणली. म्हणजे तुरुंगातील नटाच्या नावावर बाहेर एक सोडून दोन कंपन्या उभ्या राहिल्या. याची सुरुवात मधुरम यांच्या हिमतीने झाली होती.

पडद्यावरची विनोदी नटी आणि फिरत्या नाटक कंपनीची धनीण यांत फार अंतर आहे. कंपनीत रोजचा भत्ता, सामानाची ने-आण, थिएटरचे भाडे, आजारी पडलेल्या नटाची बदली हे सर्व पाहावे लागते. त्यात ही धनीण शिक्षा झालेल्या कैद्याची बायको होती. लोक सहानुभूतीने येत, तसे केवळ कुतूहलानेही येत. मधुरम यांनी त्या कुतूहलाचे तमाशात रूपांतर होऊ दिले नाही. आपले दुःख त्यांनी रंगमंचावर मांडले नाही. त्यांनी नाटक केले.

या सभेचे गाजलेले नाटक म्हणजे ‘पैत्तियक्कारन’, अर्थात वेडा. कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याची चाल आणि तिच्या वाट्याला येणारे वैधव्य हा त्याचा विषय. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढून महाराष्ट्रात ज्या प्रश्नाला तोंड फोडले, त्याच जातीचा हा प्रश्न होता. नाटक चांगले चालले आणि त्यावरून चित्रपट करण्याचे ठरले. कृष्णन–पंजू ही दिग्दर्शकांची जोडी त्याचे दिग्दर्शन करीत होती. तेव्हा फारसे नाव न झालेले एम. जी. रामचंद्रन हेही त्यात होते.

दरम्यान प्रिव्ही कौन्सिलने खटला पुन्हा विचारासाठी मद्रासला पाठविला. एप्रिल १९४७ मध्ये उच्च न्यायालयाने दोघांचीही निर्दोष मुक्तता केली. कृष्णन बाहेर आले तेव्हा ‘पैत्तियक्कारन’चे काम चालू होते. त्यांच्यासाठी त्यात नवे प्रसंग घालण्यात आले आणि मधुरम यांनी त्यात दुहेरी भूमिका केली. एक भूमिका नाटकातून आलेली, गंभीर. दुसरी कृष्णन यांच्या जोडीची, हसरी. या योगायोगात त्यांच्या तुरुंगकाळातील आयुष्याचा सारांशच आहे. एकटीने उभे राहणारी स्त्री आणि जोडीतील स्त्री, दोघी एकाच पडद्यावर आल्या.

सुटकेनंतर भागवतर व कृष्णन यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भागवतरांना पूर्वीची लोकप्रियता पुन्हा मिळाली नाही. कृष्णन मात्र जणू कालच घरी गेलेल्या नटासारखे परत आले. एस. एस. वासन यांच्या ‘चंद्रलेखा’ची निर्मिती कित्येक वर्षे रेंगाळली होती, कृष्णन सुटताच वासन यांनी पटकथा बदलून कृष्णन व मधुरम यांच्यासाठी प्रसंग लिहविले आणि ९ एप्रिल १९४८ रोजी चित्रपट झळकला. दोघांच्या नशिबातील या फरकाची कारणे अनेक असतील. नायकाचे तेज एकदा उतरले की उतरते, विदूषकाला लोक लवकर क्षमा करतात, हेही खरे. पण मधल्या काळात कृष्णन यांचे नाव गावोगावच्या नाटकाच्या फलकांवर टिकून होते. ते टिकविणारी स्त्री घरात होती, ही गोष्ट या हिशेबातून वगळता येत नाही.

कुटुंबावर संकट आले असता विनोदी नटीने रंगमंचाच्या बळावर ते निभावून न्यावे, हे इंग्लंडमध्येही घडले आहे. सिसिली कोर्टनीज आणि जॅक हल्बर्ट ही तेथील रंगभूमीवरची व चित्रपटातील लोकप्रिय विनोदी जोडी. पहिल्या महायुद्धात पती सैन्यात गेल्यावर सिसिलीने म्युझिक हॉलमध्ये एकटीने खेळ करून स्वतःचे नाव मिळविले. पुढे १९३१ च्या सुमारास हल्बर्टचा व्यवसाय बुडाला, तेव्हा दोघांनी चित्रपटांत काम करून कर्ज फेडले. फरक इतकाच, की इंग्लंडमध्ये सिसिलीचे नाव पतीच्या नावाहून मागे पडले नाही. तेथील रंगभूमीला एकट्या विनोदी स्त्रीची सवय होती. तमिळनाडूत ती सवय मधुरम यांना लावावी लागली.

१९४९ चा ‘नल्लतंबी’ हा या जोडीच्या सामाजिक विनोदाचा कळस मानला जातो. अण्णादुरै यांनी त्याची पटकथा लिहिली आणि दारूबंदीचा पुरस्कार त्यात होता. याच चित्रपटात कृष्णन यांनी किंदनार या दलित मुलाची कथा हरिकथेच्या थाटात सादर केली. नंदनार या अस्पृश्य संताच्या जुन्या आख्यानाला शिक्षणाचे नवे वळण देऊन किंदनार अखेर शाळा तपासनीस होऊन गावी परततो. तमिळ हरिकथेचा हा घाट एकोणिसाव्या शतकात तंजावरला आलेल्या मराठी कीर्तनकारांकडून आला, हे येथे स्मरणात ठेवावे. कीर्तनकाराला मागे धरणारा साथीदार लागतो, तसा कृष्णन यांच्या विनोदालाही लागे. तमिळ प्रेक्षकाच्या मनात ती जागा मधुरम यांची होती.

१९५० नंतर कृष्णन दिग्दर्शनाकडे वळले. ‘मणमगळ’ (१९५१) व ‘पणम’ (१९५२) हे त्यांचे चित्रपट एम. करुणानिधी यांच्या लेखनामुळेही गाजले. मधुरम यांची कामे आता कमी झाली, तरी १९५६ च्या ‘राजा राणी’पर्यंत ही जोडी दिसत राहिली. कृष्णन मुक्तहस्ते दान करीत; दारी आलेला रिकाम्या हाताने परतत नसे. अशा घरात दात्याची कीर्ती वाढते आणि उद्याची चिंता घरच्या बाईच्या वाट्याला येते. ३० ऑगस्ट १९५७ रोजी कृष्णन यांचे निधन झाले तेव्हा ते पन्नाशीही गाठलेले नव्हते. मधुरम त्यांच्यामागे जवळजवळ सतरा वर्षे जगल्या. २३ मे १९७४ रोजी त्यांचा देहान्त झाला.

मधुरम यांनी आत्मचरित्राचा खटाटोप केला नाही, स्वतःचा संप्रदायही निर्माण केला नाही. पण त्यांनी घडविलेली वाट मोकळी राहिली. टी. पी. मुत्तुलक्ष्मी, एम. सरोजा आणि नंतर मनोरमा या नटींनी तमिळ चित्रपटात स्त्रीच्या विनोदाला अढळ स्थान मिळवून दिले. मनोरमा तर तंजावर भागातील मन्नारगुडीच्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक चित्रपट होते आणि त्यांचे नाव घेताना कोणत्याही पुरुषाच्या नावाचा टेकू लागत नव्हता. बालामणी अम्माळ यांच्यापासून मनोरमा यांच्यापर्यंतच्या या प्रवासात मधुरम मधल्या पिढीच्या होत. आरंभीचे कित्येक तमिळ बोलपट आज पाहावयास मिळत नाहीत. ‘हरिदास’ आणि ‘चंद्रलेखा’ मात्र उपलब्ध आहेत. ते पाहताना कृष्णन बोलू लागले, की नजर थोडी बाजूला वळवावी. त्यांचे वाक्य पुरे होण्याची वाट पाहत मधुरम शांतपणे उभ्या असतात. हशा पिकतो तो पुष्कळदा त्यांनी तोंड उघडल्यानंतर.